फराळाचे उरलेले तेल महिनाभर रश्शात घालू नका!

दिवाळीची खरेदी सुरू झाली आहे. किराणा दुकानांपुढे तेलाच्या पिशव्यांची खोकी आणि पत्र्याचे डबे रचलेले दिसू लागले आहेत. येत्या आठ-दहा दिवसांत घरोघरी कढया चढतील. चकली, शेव, करंज्या, शंकरपाळे, अनारसे तळले जातील. ते जरूर तळा, मनापासून खा, शेजारीपाजारी वाटा. हे आवाहन फराळाविरुद्ध नाही. तळण आटोपल्यावर कढईत जे तेल उरते, त्याविषयी आहे.

हे तेल पुढे कुठे जाते, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते गार झाले की गाळून स्टीलच्या डब्यात भरतात आणि डबा ओट्याखाली जातो. मग ‘भाजीला संपवून टाकू’ म्हणत त्याच तेलात रोजची फोडणी पडते. उसळ, आमटी, वांग्याचा रस्सा, रविवारचे मटण, सगळ्याला तेच. तुळशीचे लग्न उलटले तरी डबा संपत नाही. काटकसर म्हणून केलेल्या या सवयीची किंमत घरातल्या माणसांच्या प्रकृतीतून जाते. म्हणून कढई चढण्याआधीच ही कळकळीची विनंती.

कढईत नेमके काय घडते ते पाहू. तेल तापते, त्याला हवा लागते, तळणीच्या पदार्थातले पाणी त्यात उतरते. या तिन्हींमुळे तेलाची रचना मोडत जाते. शेवेच्या सोऱ्यातून पडलेले बेसनाचे कण आणि चकलीतून सुटलेले तीळ तळाशी बसून जळतात आणि तेल आणखी लवकर बिघडवतात. दुसऱ्या दिवशी त्यातच नवे तेल ओतले, तर जुन्याच्या संगतीने नवेही झपाट्याने खराब होते. तेल काळपट आणि दाट होणे, कढईच्या कडेला चिकट थर धरणे, तेल तापताच फेस येणे, नेहमीपेक्षा लवकर निळसर-करडा धूर निघणे आणि खवट वास येणे, या तेल बिघडल्याच्या खुणा आहेत. यातली एकही दिसली तर ते तेल माणसाच्या पोटात जाता कामा नये.

बिघडलेल्या तेलात जे घटक तयार होतात, त्यांना ‘पोलर कंपाउंड्स’ म्हणतात. त्यांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हॉटेलवाल्यांकडे हे मोजायचे यंत्र असू शकते. आपल्या स्वयंपाकघरात ते नसते. तिथे डोळा, नाक आणि कॅलेंडर यांवरच भिस्त ठेवावी लागते.

कॅलेंडर अशासाठी, की या तेलाला मुदत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराविषयीच्या मार्गदर्शक सूचना २०२४ मध्ये नव्याने जाहीर केल्या. एकदा तळणीला वापरलेले तेल गाळून रस्साभाजीला चालेल, पण त्यात पुन्हा तळू नये, ते एक-दोन दिवसांत संपवावे आणि साठवून ठेवू नये, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे तेल भाजीला वापरण्याची आपली रीत मुळात चुकीची नव्हती. चूक आहे ती चार दिवस त्याच तेलात तळण्यात आणि दोन दिवसांची मुदत दोन महिन्यांवर नेण्यात.

तेल टाकायला हात धजत नाही, हे खरे. तेलाचे भाव पाहता कुणाचाही धजणार नाही. म्हणून टाकायची वेळच येऊ नये, अशी आखणी करा. पसरट कढईऐवजी लहान, खोल कढई घ्या. एकदम लिटरभर तेल ओतण्याऐवजी थोड्या तेलात थोडे-थोडे घाणे तळा. रोज एक पदार्थ करण्यापेक्षा सगळे तळण एका दिवसात उरका. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून केले तर हे सहज जमते. करंज्या आणि शंकरपाळे आधी तळा, चकली त्यानंतर आणि बेसनाची शेव सर्वांत शेवटी. प्रत्येक घाण्यानंतर बारीक जाळीच्या झाऱ्याने चुरा काढा. शेवटी वाटीभर तेल उरेल आणि ते दोन दिवसांच्या भाजीत संपेल.

आता चवीकडे वळू, कारण जुने तेल वापरण्यामागे ‘रश्शाला तर्री हवी’ हाही हट्ट असतो. तर्रीला तेल लागते हे खरेच आहे. लाल मिरचीचा रंग आणि हळदीचा पिवळेपणा पाण्यात नीट उतरत नाही, तो तेलात उतरतो. मोहरी, जिरे, हिंग यांचा वासही गरम तेलातच खुलतो. पण त्यासाठी तेल ताजे हवे आणि थोडे पुरते. तळणीच्या तेलाला आधीच ओव्याचा, तिळाचा, जळक्या बेसनाचा वास लागलेला असतो. त्यात गोडा मसाला घातला तर दगडफूल आणि दालचिनी दबून जातात, काळ्या मसाल्याचा खमंगपणा उतरतो आणि सगळ्या भाज्या सारख्याच लागू लागतात.

आपल्या रश्शाची खरी ताकद वाटणात आहे आणि वाटणात तेल आधीपासूनच आहे. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक, शेंगदाण्यात आणि तिळात जवळपास निम्मे स्निग्ध असते. ते बाहेर काढायची कला प्रत्येक सुगरणीला माहीत आहे, फक्त घाई तिला मारते. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप कोरड्या तव्यावर तांबूस भाजा. उभा चिरलेला कांदा चमचाभर तेलात खरपूस करा. लसूण, आले, कोथिंबीर घालून अगदी बारीक वाटा. मग जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे ताजे तेल तापवून त्यात हे वाटण मंद आचेवर परतत राहा. खाली लागू लागले की तेल न ओतता पाण्याचा हबका मारा. आठ-दहा मिनिटांत वाटण पातेल्याची कड सोडते आणि कडेला खोबऱ्याचे तेल चमकू लागते. त्या सुटलेल्या तेलात लाल तिखट आणि मसाला घाला, एकदा परता आणि लगेच गरम पाणी ओता. उकळी आली की लालभडक तवंग वर येतो. चार माणसांच्या रश्शाला एवढे तेल पुरते.

मग कोणते तेल घ्यावे? सगळ्या तेला-तुपांत ग्रॅममागे ९ कॅलरी असतात, त्यामुळे एखादे तेल ‘हलके’ म्हणून जास्त ओतायची मुभा कुणालाच नाही. फरक आहे तो आतल्या घटकांत आणि चवीत. शेंगदाणा तेल तापायला टिकाऊ, तळणीलाही चालते आणि खानदेशी किंवा घाटावरच्या झणझणीत रश्शाशी त्याची चव जुळते. मराठवाडा आणि सोलापूरकडचे करडईचे तेल झटपट फोडणीला उत्तम. मात्र करडई आणि सूर्यफूल ही तेले जास्त वेळ तापवली की लवकर बिघडतात, म्हणून ती तळणीला घेऊ नका. नागपूरच्या सावजी रश्शाशी जवसाच्या तेलाचे जुने नाते आहे. या तेलात शरीराला हवे असलेले ओमेगा-३ भरपूर असते, पण ते फार नाजूक. लहान बाटली आणावी, लवकर संपवावी.

खोबरेल तेल आणि तूप यांबाबत मोजमाप महत्त्वाचे. खोबरेलात सुमारे ९० टक्के आणि तुपात ६० टक्क्यांहून अधिक संपृक्त स्निग्ध असते. पामतेलात ते जवळपास निम्मे. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला संपृक्त स्निग्ध २२ ग्रॅमच्या आत हवे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या चमचाभर तुपातच त्यातले ८-९ ग्रॅम येते. म्हणून तूप रश्शाच्या पायाला घालू नका. ते गरम वरणभातावर लहान चमच्याने, शेवटी घ्या, तिथे त्याचा वास पूर्ण मिळतो. मालवणी किंवा गोव्याकडच्या कालवणात नारळाचा रस पडतच असेल, तर फोडणीला वेगळे खोबरेल कमीच लागते. एकाच तेलावर वर्ष काढू नका, दोन-तीन तेले आलटून पालटून वापरा, हा सल्लाही पोषणतज्ज्ञ देतात आणि तो पाळायला सोपा आहे.

वनस्पती तुपाबद्दल स्पष्ट सांगतो. त्यातल्या ट्रान्स फॅटने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले कमी होते. नियमाने तेल आणि वनस्पतीतील ट्रान्स फॅटची मर्यादा पूर्वीच्या १० टक्क्यांवरून जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली आहे. मोठी सुधारणा आहे ही. तरी करंजीच्या मोहनाला आणि पनीरच्या ग्रेव्हीला वनस्पती कशाला? त्याला स्वतःची चव नाही.

सुट्या तेलाच्या बाबतीत तर काहीच तडजोड नको. खाद्यतेल सुटे विकायला कायद्याने बंदी आहे आणि त्यामागे कटू अनुभव आहेत. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. साठाहून अधिक माणसे दगावली, हजारोंना रुग्णालयात जावे लागले. सणाच्या गर्दीत स्वस्त तेल मोहात पाडते. सीलबंद पिशवी किंवा डबाच घ्या, तारीख आणि तेलाचे नाव वाचा. लाकडी घाण्याचे घ्यायचे असेल तर खात्रीच्या घाण्यावरून, महिन्याला लागेल तेवढेच आणा.

एक विनंती फराळ करून विकणाऱ्या बचत गटांना, खाणावळींना आणि केटरर्सना. तळणीला रोज ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी, असा एफएसएसएआयचा नियम मार्च २०१९ पासून आहे. वापरलेल्या तेलाचे बायोडिझेल करण्यासाठी ‘रुको’ ही योजना ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाली. काळे झालेले तेल स्वस्तात कुणाला विकू नका, ते मान्यताप्राप्त संकलकालाच द्या. हवे तर कमी तळा, पण ताज्या तेलात तळा. ग्राहकहो, तुम्हीही ‘तेल ताजे आहे ना?’ असे निःसंकोच विचारा.

यंदाच्या दिवाळीत एवढे नक्की करा:

१. कढईत कमी तेल घ्या आणि तळण एका दिवसात उरका.

२. उरलेले तेल गाळा, डब्यावर तारीख लिहा आणि दोन दिवसांत भाजीला संपवा. पुन्हा त्यात तळू नका.

३. मुदत उलटलेले किंवा काळे झालेले तेल मोरीत ओतू नका, नळ्या तुंबतात. गार झाल्यावर जुन्या कागदात किंवा लाकडाच्या भुशात शोषून कचऱ्यात टाका.

४. रश्शाला तेल चमच्याने मोजून घाला. बैठे काम करणाऱ्या प्रौढाला तेल-तूप मिळून दिवसाला २० ते ३० ग्रॅम पुरते. चार माणसांच्या घरात महिन्याला साधारण साडेतीन लिटर. तुमच्या घरी किती लागते, ते या महिन्याच्या किराण्याच्या यादीत आजच तपासा.

५. ओट्याखाली मागच्या सणाचा डबा अजून असेल, तर तो नवे तेल आणण्याआधी रिकामा करा. भाजीत नव्हे, कचऱ्यात.

आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार आता पन्नाशीची वाट पाहत नाहीत. त्यांची कारणे अनेक आहेत आणि सगळी आपल्या हातात नाहीत. ओट्याखालचा डबा मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. हे आवाहन घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा, सोसायटीच्या फलकावर लावा, आणि पहिली कढई चढण्याआधी अमलात आणा.