हात काळे करा!



गेल्या दसऱ्याच्या कार्यक्रमाला हॉलच्या पार्किंग लॉटमध्ये आपल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. बॉनेटवर झेंडूचा हार, हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू. मी एका मित्राला सहज विचारलं, "हे बॉनेट शेवटचं कधी उघडलं होतंस?" तो म्हणाला, "मी कशाला उघडू? डीलर उघडतो की!"

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. पण हत्यार धरणाऱ्या हाताला आपल्याकडे किती मान आहे? हा लेख त्याबद्दल आहे आणि थोडा चिडूनच लिहिला आहे. समजून घ्या.

निमित्त आहे माझी 1988 सालची टोयोटा पिकअप. जगभर जिला हायलक्स म्हणतात तीच ही. अमेरिकेत मात्र ते नाव 1970च्या दशकातच गळालं आणि ही बिचारी नुसती 'पिकअप' म्हणून विकली गेली. 'बॅक टू द फ्युचर' या 1985च्या सिनेमात मार्टीचा जीव जिच्यावर जडलेला असतो, तिचीच ही बहीण. 2022च्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याच्या कोठारामागे सापडली. मिशिगनच्या रस्त्यांवरच्या मिठानं हौदा खाऊन टाकला होता. चासी मात्र ठोकून पाहिली तर शाबूत. 2800 डॉलर्सना घेतली.

डेट्रॉइटच्या परिसरात राहून जपानी ट्रक घेतला म्हणून चेष्टा झाली, ती सोडून द्या. पण त्याच आठवड्यात एका पॉटलकला एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, "अरे, इथे येऊन एम.एस. केलंस, कन्सल्टंट झालास आणि आता गॅरेजवाला होणार का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही.

कारण माझे वडील, आमचे अण्णा, 'गॅरेजवाले'च होते. दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक. तुमच्यापैकी बहुतेकांना हे मी आजवर सांगितलेलं नाही. कुणी विचारलं तर "एस.टी.त होते" एवढंच म्हणायचो, आणि ऐकणारा त्यांना साहेब समजला तर समजू द्यायचो. लहानपणी मी त्यांच्या पान्याला हात लावला की ओरडायचे, "ठेव ते! तू शिकायचंस." त्यांनी ते मायेपोटीच केलं. पण पाना आणि शिक्षण या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि त्यातली एक खालची आहे, हे त्यांच्या मनात कुणी भरवलं?

आपणच. आपल्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्यावाचून एक दिवस निघत नव्हता आणि त्यांनाच आपण खालच्या पायरीवर बसवलं. जो घाम न गाळता सांगेल तो वरचा, जो करेल तो खालचा. समुद्र ओलांडताना आपण लोणची-पापड आणले तसा हा हिशेबही बॅगेत भरून आणला. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना 'बलुतेदार' हा शब्द ठाऊक नाही, पण "नीट अभ्यास कर, नाहीतर गाड्या दुरुस्त करत बसशील" हे वाक्य त्यांनी नक्की ऐकलेलं आहे. मीच माझ्या मुलीला एकदा म्हणालो होतो. कबूल करतो.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

पहिला : "तुझा तासाचा रेट किती? मेकॅनिकला दे, स्वस्त पडेल." हिशेब बरोबर आहे. तीन हिवाळ्यांत ट्रकच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे घातले. पण मग गणपतीची आरती म्हणायलाही माणूस लावू या, तेही स्वस्त पडेल. आणि रविवारी दुपारी मॅच बघताना आपण कुणाला बिल पाठवतो?

दुसरा : "धोका असतो." असतो. म्हणूनच नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावायचेच. ब्रेकचं काम मी केलं, पण रस्त्यावर काढण्याआधी जाणत्या मेकॅनिककडून तपासून घेतलं. मदत घेण्यात कमीपणा नाही. ज्याची मदत घेतो त्याला कमी लेखण्यात आहे.

तिसरा : "उद्या सगळ्या गाड्या विजेवर चालणार. जुनं इंजिन शिकून काय उपयोग?" मंडळी, आपल्यापैकी कितीतरी जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ज्या यंत्रणेचं झाकण कुणीच उघडलं नाही, ती बंद पडली की काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2012 साली आणि पुन्हा 2020 साली गाडी स्वतःला हवी तिथे दुरुस्त करून घेण्याच्या हक्काच्या बाजूनं कौल दिला. हक्क कायद्यानं मिळेल, पण पाना कसा धरायचा हे कायदा शिकवणार नाही.

ट्रकनं मला काय शिकवलं? 2366 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. ब्लॉक लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचं. टायमिंग साखळीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या इतक्या वर्षांत ठिसूळ होणारच, म्हणून पोलादी पाठीच्या बसवल्या. ते करताना ॲल्युमिनियममध्ये एक बोल्ट जोर लावून आवळला आणि आटे गेले. शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, "बाबा, कंट्रोल-झेड नाही का?" नाही! वीस वर्षांच्या नोकरीत माझी प्रत्येक चूक परत फिरवता येत होती. इथे ती नव्यानं आटे पाडून निस्तरावी लागली. त्या संध्याकाळी मी जेवढा नम्र झालो तेवढा कुठल्याही परफॉर्मन्स रिव्ह्यूनंतर झालो नव्हतो.

गंजलेल्या हौद्याच्या जागी आम्ही ओकच्या फळ्यांचा सपाट हौदा केला. मोजमाप, करवत, पॉलिश, सगळं मुलीनं केलं. वाचता वाचता तिनं एक गंमत शोधली. युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर शुल्क लावलं, त्याचा वचपा म्हणून अमेरिकेनं 1964 साली आयात ट्रकवर 25 टक्के कर बसवला. मग कंपन्या केबिन आणि चासी तेवढी परदेशातून आणायच्या आणि हौदा इथे जोडायच्या, कारण अर्ध्या ट्रकवर कर कमी! 1980 साली ही पळवाट बंद झाली. "म्हणजे तुझ्यासारखंच बाबा, अर्धा तिकडचा, अर्धा इकडचा," असं म्हणून ती फळी तासायला लागली.

मार्चमध्ये इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, पण टिक-टिक आवाज येत होता. पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला. अण्णांचं वय ऐंशीच्या पुढे, हल्ली आमचं बोलणं "जेवलास का, थंडी किती" यापुढे जात नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "टॅपेट. फिलर गेज घे. गॅप काय सांगितलाय पुस्तकात?" मी वाचलं, "गरम इंजिनावर इनटेक 0.20, एक्झॉस्ट 0.30 मिलिमीटर." "मग बघतोस काय? गरम आहे तोवर कर." आठ हजार मैलांवरून ते पाऊण तास शिकवत होते. शेवटी आवाज थांबला. मी काळे झालेले हात कॅमेऱ्यासमोर धरले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मी तुला तेव्हा हात लावू द्यायला हवा होता."

आता मुद्द्याचं. मुलांसाठी महिन्यातून एक 'पाना-शनिवार' ठेवावा, माझ्या गराजमध्ये, मोफत, असा प्रस्ताव मी कमिटीपुढे ठेवला होता. उत्तर मिळालं, "पालक येणार नाहीत. कॉलेज ॲप्लिकेशनला काय उपयोग?" त्यांचं चुकलं असं सिद्ध करणं तुमच्या हातात आहे. नुसतं 'श्रमाला प्रतिष्ठा' म्हणून टाळ्या वाजवू नका. मुलांना पाठवा, आणि स्वतःही या.

येत्या दसऱ्याला गाडीला हार जरूर घाला. पण त्याआधी बॉनेट उघडा, ऑइलची काडी काढून पुसून बघा. हात काळे होतील. साबणानं निघतात. "गॅरेजवाला" म्हणून हसण्याची सवय मात्र साबणानं जात नाही, आणि ती माझीही होती म्हणूनच हे लिहायचं धाडस केलं.

आमच्या अण्णांचा पेशा आता तुम्हा सगळ्यांना माहीत झाला. फार उशीर केला, पण सांगितलं.

बघा पटतंय का!