सायकलीवरचा पाहुणा आणि धुऱ्यावरचा धनी



गिऱ्हाईक आपल्या धुऱ्यापर्यंत आले आणि "काय द्यायचे?" असे त्याने विचारले, हा प्रसंग आपल्यापैकी किती जणांच्या वाट्याला आला आहे? कापूस आपण गाडीत भरून जिनिंगवर नेतो. ज्वारी पोत्यात भरून अडतीवर नेतो. भाव समोरचा सांगतो, वजन समोरचा करतो, ओलावा समोरचा मोजतो. आपण फक्त पावतीवर सही करतो. गिऱ्हाईक कसे दिसते हेच आपल्याला ठाऊक नाही.

लोणारच्या बाजूला हे गिऱ्हाईक आता आपल्या पायांनी येऊ शकते. खरे म्हणजे आपल्या पायडलने. सरोवराकाठी मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांना सायकली द्याव्यात, आसपासच्या शिवारातून फेरीचे मार्ग आखावेत, हा विषय या जिल्हा बैठकीत घ्यावा असे आम्हाला वाटते. "कपाशीला भाव नाही, सोयाबीन मातीमोल, आणि तुम्हाला सायकलीच्या फेऱ्या सुचतात काय?" असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. उत्तरही सरळ आहे. हा विषय मौजेचा नाही, हिशेबाचा आहे.

दृश्य कोणाचे?

लोणारचे विवर उल्का आदळून झाले. बेसाल्टच्या काळ्या खडकात अशी झालेली विवरे जगात मोजकीच आहेत. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी. काठावर आणि पोटात जुनी देवळे, गावात दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर, आणि खाऱ्या पाण्याच्या शेजारी गोड्या पाण्याची धार. २००० साली हे अभयारण्य झाले. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत लोणार छापून आले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रामसर यादीत सरोवराचे नाव गेले.

हे सगळे झाले. त्यातून आजूबाजूच्या कास्तकाराच्या हातात काय पडले?

पाहुणा मोटारीतून येतो. काठावर उभा राहतो, फोटो काढतो, चहा घेतो आणि जातो. मुक्काम केलाच तर भाडे आणि जेवणाचे पैसे हॉटेलच्या गल्ल्यात. रस्त्याने येताना त्याने पांढरी फुटलेली पऱ्हाटी पाहिली, कणसात आलेली ज्वारी पाहिली, तुरीची पिवळी फुले पाहिली. "काय सुंदर देखावा!" असेही तो म्हणाला असेल. हा देखावा कोणी लावला? नांगरणी, पेरणी, डवरणी, खुरपणी कोणी केली? देखावा आपल्या घामाचा आणि भाडे दुसऱ्याचे, असा हा मामला आहे.

तो नवीनही नाही. अकबराच्या दरबारात लिहिल्या गेलेल्या ऐन-इ-अकबरीत या मेहकर सरकारच्या मुलुखातल्या खाराची नोंद आहे. काच आणि साबण करायला लागणारे जिन्नस इथे निघत, आणि त्यावरच्या जकातीचे उत्पन्न सरकारला मिळे. चारशे वर्षांपूर्वीही या भागाची कमाई वर जात होती. गोळा करणाऱ्याला काय उरले, त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

सायकलच का?

मोटार आणि सायकल यांत फरक वेगाचा आहे. वेगातच सगळे अर्थशास्त्र आहे.

समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता पुरा झाला. त्यासाठी जमिनी कोणाच्या गेल्या ते सांगायला नको. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, ट्रॅक्टरला बंदी आहे, बैलगाडीची तर बातच नाही. तिथून ताशी शंभर-सव्वाशेने जाणारा माणूस आपल्या वावराजवळून जातो, पण त्याला आपल्याकडून काही घेता येत नाही. त्याला तहान लागली तरी थांबायची जागा सरकारने ठरवून दिलेली.

सायकलवाला ताशी बारा-पंधरा किलोमीटरने जातो. तासाभरात त्याला पाणी लागते, दोन तासांत भूक लागते. सावली दिसली की तो उतरतो. बाभळीचा काटा किंवा सराटा टोचला की त्याला उतरावेच लागते. त्याची भूक हॉटेलात लागत नाही, दोन गावांच्या मध्ये लागते. आणि दोन गावांच्या मध्ये कोण आहे? आपण आहोत.

मोटारीतला पाहुणा पैसे मुक्कामाच्या जागी ठेवतो. सायकलीवरचा पाहुणा पैसे वाटेत ठेवतो. आम्हाला जे म्हणायचे आहे ते एवढेच.

आता आकडे पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये जाहीर झाला. म्हणजे किलोला ३७ रुपये, तोही मिळाला तर. किलोभर पिठाच्या आठ चांगल्या भाकरी होतात. भाकरी वीस रुपयांना गेली तर १६० रुपये झाले. सरपण, मेहनत, दळणाचे पैसे वजा करा, तरीही धान्याच्या भावाशी तुलना होत नाही. पिठले, ठेचा, ताकाचे पैसे निराळे. पौष महिन्यात गूळभेंडीचा हुरडा आगटीत भाजून द्या. शहरातला माणूस त्यासाठी माणशी काही शे रुपये खुशीने मोजतो. तीच ज्वारी, तेच वावर. फक्त मधला रस्ता आणि मधली माणसे कमी झाली.

कापूस खाता येत नाही, हे खरे. पण सरकी काढलेल्या रुईच्या वाती, हातउशी, लहान गादी हे माणूस सायकलीच्या पिशवीत घालून नेऊ शकतो किंवा पत्ता देऊन मागवू शकतो. हा दहा-वीस क्विंटल कापसाचा इलाज नाही, पाच-दहा किलोचा आहे. तेवढाच समजून करावा.

रस्ता आधी

सायकलीची फेरी म्हटली की सरकारी डोक्यात लगेच फरशा, कमान, रंगीत दिवे आणि उद्घाटनाची पाटी येते. ते आम्हाला नको. विवराच्या काठाभोवतीची वाट सुमारे सहा किलोमीटरची. ती चालण्यासाठी राहू द्यावी. विवराच्या पोटात तर सायकल नेऊच नये. तिथले जंगल, पक्षी आणि पाणी नाजूक आहे, ते बिघडले तर पाहुणाही राहणार नाही आणि फेरीही.

फेरी शिवारातून जावी. लोणारहून सुलतानपूर, पुढे पैनगंगेच्या काठचे मेहकर, तिथला शारंगधर बालाजी; परत येताना आतल्या गावांतून. दमाचा माणूस एका दिवसात सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानापर्यंत जाईल. या गावांना जोडणाऱ्या वाटा आहेतच. आपण त्यांना पांदण म्हणतो. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलाचा पाय रुतून बसतो, कापूस डोक्यावरून आणावा लागतो, त्याच या पांदणी. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने योजना काढली. आपल्या गावात किती पांदणी झाल्या ते प्रत्येकाने मोजून बैठकीला सांगावे.

म्हणून मागणी एकच ठेवा. पाहुण्याच्या सायकलीसाठी खर्च करायचा असेल तर पांदणीवर करा. ज्या रस्त्याने सायकल जाईल त्याच रस्त्याने कापसाची गाडी येईल. पाहुणा चार महिने येणार, आपली गाडी बारा महिने.

पांदण कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. पण आधी गावात बसून मिटवा. भावकीच्या भांडणात रस्ता अडला तर दोष सरकारला देता येणार नाही.

पाट्यांवरही फार खर्च नको. बेल्जियमच्या लिम्बर्ग भागात कोळशाच्या खाणी बंद पडल्या. तिथल्या ह्यूगो बोलेन नावाच्या खाण-अभियंत्याने १९९५ च्या सुमारास एक साधी युक्ती केली. जिथे दोन सायकलवाटा मिळतात त्या प्रत्येक ठिकाणी एक आकडा लावला. पाहुण्याने आकडे लिहून घ्यायचे आणि एकापासून दुसऱ्याकडे जायचे. ही पद्धत पुढे सगळ्या बेल्जियममध्ये आणि शेजारच्या हॉलंडमध्ये पसरली. लागले काय? खांब, पत्रा आणि रंग. आपल्या गावातला पेंटर हे काम एका आठवड्यात करील.

मात्र युरोपचे उदाहरण देताना निम्मेच सांगू नये. तिथल्या शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या सरकारचे भरघोस अनुदान आहे. तो पाहुण्यांना खोली देतो, सफरचंदे विकतो ते वरकमाई म्हणून. आपल्याकडे मात्र शेतीचा तोटा भरून काढायला जोडधंदा सांगतात. कोंबड्या पाळा, शेळ्या पाळा, गाई पाळा. आता पाहुणे पाळा म्हणतील. राज्याचे कृषिपर्यटन धोरणही २०२० मध्ये आलेले आहे. आम्ही स्पष्ट सांगतो, कापसाचा आणि ज्वारीचा भाव हा एक प्रश्न आहे आणि सायकलीवरचा पाहुणा हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर दाखवून पहिला प्रश्न कोणी मिटवू लागला तर त्याला गावाबाहेर वाट दाखवा.

आपण काय पाळायचे

पाहुण्यांचे दिवस कार्तिकापासून माघापर्यंत. ते आपल्या वेचणीचेही दिवस. वेचणी सोडून कोणी पाहुण्यांमागे फिरू नये. पाळी लावा. आज एका घरी भाकरी, उद्या दुसऱ्या घरी. भाकरी मायबहिणीच थापणार आहेत. तेव्हा पैसे त्यांच्याच हातात पडले पाहिजेत. धन्याने खिशात घालायचे नाहीत.

फवारणी चालू असलेल्या शिवारातून फेरी नेऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषाने आपली माणसे गेली, ते विसरायचे नाही. रानडुकरांसाठी तारेत झटका सोडलेला असेल तर तिथे ठळक पाटी हवी. उघड्या विहिरीला कठडा हवा. पाहुण्यालाही नियम सांगा. फोटोसाठी पऱ्हाटीत शिरायचे नाही, बोंड तोडायचे नाही, हुरडा विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. भाव आधी सांगा आणि सगळ्यांना एकच सांगा. एकाने लुबाडले तर दहा जणांचे गिऱ्हाईक जाते. ज्या लुटीची तक्रार आपण करतो ती आपण करायची नाही.

प्रत्येक गावात एका पोराने पंक्चरचे सामान ठेवावे. सायकल आणि घड्याळ हुंड्यात मागण्याचे दिवस होते तेव्हा गावोगावी सायकलचे दुकान होते. ते पुन्हा उघडायला मोठे भांडवल लागत नाही.

आणि एक गोष्ट घट्ट धरून ठेवा. पाहुणे वाढले की रस्त्याकडेच्या जमिनीला गिऱ्हाईक येईल. गुंठ्याचा भाव ऐकून डोळे फिरतील. अडचण कोणाला नाही? पण रस्त्याकडेचा तुकडा सगळ्यांत आधी विकला तर उद्या त्याच जागी दुसऱ्याचे हॉटेल उभे राहील, आणि आपण मागच्या वावरातून तिथे कामाला जाऊ. शक्य असेल तोवर भाड्याने द्या, विकू नका.

बैठकीला येताना आपल्या गावाच्या पांदणींची यादी, त्यांची लांबी आणि कुठे अडल्या आहेत ते लिहून आणा. एवढा कागद तयार झाला तर पाहुणा आला नाही तरी आपले काही बुडत नाही. रस्ता तर आपलाच आहे. आणि पाहुणा आला, सायकल बाभळीला टेकवून "भाकरी मिळेल काय?" असे विचारू लागला, तर त्याला खुशाल बसवा, पाणी द्या. पाण्याचे पैसे घेऊ नका. भाकरीचे मात्र सांगून घ्या, आणि भाव आपण सांगायचा.