पाणी कशाने बाटते?

दरवर्षी 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्याकाठी जनसागर लोटतो. 1927 साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले! माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, हा धडा महाडने साऱ्या देशाला दिला. मग पाणी बाटते ते कशाने? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परसात, फरशीखाली गाडलेले आहे. ते म्हणजे घराची सेप्टिक टाकी.

‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’, असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ गावोगाव भेटतात. त्यांच्या अभिमानाला धक्का देणे आम्हांस भाग आहे. टाकीत मैला तळाशी बसतो, त्यातला काही भाग कुजून विरतो, उरलेला गाळ वर्षानुवर्षे साचत जातो. म्हणूनच दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी, असे जाणकार सांगतात. वीस वर्षे जी टाकी भरतच नाही, तिच्यातला ऐवज जातो कोठे? एक तर तिचा तळ फुटलेला असतो, नाही तर गाळ वाहून शोषखड्ड्यात, गटारात किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत उतरत असतो. टाकीच्या बाबतीत ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हा न्याय चालत नाही.

त्यातून हा मुलूख कोकणातला. महाड सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी सखल भागात वसलेले. पोलादपूर सह्याद्रीच्या पायथ्याशी, जेथे मातीच्या पातळ थराखाली काळा कातळ. मैलापाण्याची खरी गाळणी टाकीत होत नाही, ती शोषखड्ड्याभोवतालच्या मातीत होते. माती पावसाने तुडुंब झाली की ती पाणी पिईनाशी होते. आणि कातळाला भेग असली तर घाण न गाळताच खालच्या विहिरीपर्यंत पोहोचते. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा कोणत्या टाकीचे पाणी कोणाच्या उंबऱ्याशी आले, याचा हिशेब कोण मांडणार?

तेव्हा टाकी केव्हा उपसावी आणि केव्हा बदलावी, हा विवेक प्रत्येक घरधन्याला हवा. शौचकूपातले पाणी सावकाश उतरू लागले, तर आधी नळ पाहावा, मग टाकी उपसावी. उपसल्यानंतर थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा आली, किंवा भर उन्हाळ्यात शोषखड्ड्यावरची जमीन ओली व दुर्गंधीयुक्त राहिली, तर दोष बहुधा खड्ड्याचा. नवा खड्डा खणावा. उपसलेली टाकी कोरड्या दिवसांत स्वच्छ पाण्याने भरून बाहेर जाणाऱ्या नळीपर्यंतच्या पातळीची खूण करावी. एका दिवसात पातळी स्पष्ट खाली गेली, तर टाकी गळते. लहानसहान भेग गवंडी बुजवील. परंतु चिऱ्यांचे सांधे निखळले असतील, तळच नसेल, किंवा आतल्या वायूने झाकणाचे काँक्रीट खाऊन लोखंडी गज उघडे पडले असतील, तर डागडुजीवर पैसा घालू नये. ती टाकी बदलावीच. नवा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर दूर हवा, असे भारतीय मानक सांगते. पुरानंतर मात्र उपसण्याची घाई नको. भोवती भूजल तुंबलेले असताना रिकामी टाकी उचलली जाते किंवा खचते.

आणि ही परीक्षा करताना कोणीही टाकीत उतरू नये, डोके आत घालू नये, काडी ओढू नये. आतला वायू क्षणात प्राण घेतो. बुडत्याला वाचवावयास उतरलेला दुसराही परत येत नाही. संरक्षक साधनांवाचून माणसाला सेप्टिक टाकीत उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे; अशा मृत्यूबद्दल 30 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली दिला. तरी अशा मृत्यूंच्या बातम्या थांबत नाहीत, आणि मरणाऱ्यांची जात बहुधा विचारावीही लागत नाही. ज्या गावाने पाण्यावरचा माणसाचा हक्क उच्चारला, त्या गावात तरी हे काम यंत्रानेच व्हावे!

हे एकट्या गृहस्थाने पेलण्याजोगे नाही, हेही आम्ही जाणतो. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरापलीकडे उतरले की वाई लागते. तेथील नगरपरिषदेने टाकी तुंबण्याची वाट न पाहता ठरावीक पाळीने प्रत्येक घरची टाकी यंत्राने उपसण्याची आणि मैल्यावर प्रक्रिया करण्याची व्यवस्था केली. घाटापलीकडे जे जमते ते घाटाखाली का जमू नये? महाडची नगरपरिषद आणि पोलादपूरची नगरपंचायत यांनी टाक्यांची नोंद करावी, शिमग्यापासून मृगापर्यंतच्या कोरड्या दिवसांत तपासणी करून घ्यावी, आणि ज्या गरिबाला टाकी बदलणे परवडत नाही त्याला हात द्यावा.

2027 हे सत्याग्रहाच्या शताब्दीचे वर्ष. त्या दिवशी चवदार तळ्याला फुले वाहिली जातील, भाषणे होतील. पण त्या ओंजळीचा खरा मान राखावयाचा, तर आपल्या परसातले झाकण आधी उघडून पाहिले पाहिजे.