पांढरीत पाटील कुणी पुरला?

तळेगाव ढमढेऱ्याहून शिरूर-दौंडच्या अंगाला हिंडताना पांढऱ्या मातीचं टेकाड दिसलं की कुणालाही विचारा, हे काय? एक म्हणंल गढी. दुसरा म्हणंल साधूच्या शापानं पालथं पडलेलं गाव. तिसरा थेट पांडवांना आणून बसवील. गढी म्हटली की सरदार आला, आणि सरदार आला की आपण वेशीबाहेर. हा अर्थ मातीत नसतो, सांगणाराच्या तोंडात असतो.

अडाण्यांचं सोडा. शिकलेले काय करतात?

इनामगाव आपल्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. 1968 ते 1983 डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी तिथली पांढर उकरली. इसवीसनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातली वस्ती. शंभरावर घरं निघाली. घराच्या जमिनीखाली दोन रांजणांची तोंडं जुळवून पुरलेली लेकरं. घोट्याखाली पाय तोडून पुरलेली मोठी माणसं. नदीचं पाणी वळवणारा पाट आणि त्याच्या कडेचा बांध. हे चिकाटीचं काम आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. ते नसतं तर आपल्याकडं फक्त पांडव उरले असते.

पण पुढं? पाच खोल्यांचं घर आणि शेजारी धान्याचं कोठार. लगेच तिथं गावप्रमुख राहायला आला, आणि कोठारातलं धान्य झालं सारा. बांध आहे म्हणजे तो बांधून घेणारा अधिकारी पायजे. कुंभार, सोनार, चुना भाजणारा वस्तीच्या पश्चिम अंगाला, म्हणजे कारागीर कडेला आणि सधन शेतकरी मधोमध. वाचता वाचता मला घाम फुटला. अरे, हे तर आमचंच गाव! फक्त येसकराची घोंगडी आणि काठी तेवढी सापडायची राहिली होती.

बांध घालायला हात लागतात, मालक लागतोच असं नाही. धुळे-नाशकाकडं पांझरा-मोसमच्या काठी फडाचे बंधारे शेतकऱ्यांनी मिळून चालवले. (फडातही पाटकरी आणि जागल्या होतेच, तिथं स्वर्ग नव्हता.) कोठार साऱ्याचं असंल, तसं सगळ्यांच्या बियाण्याचंही असंल. पाणी वळवलं एवढं माती सांगते. ते कुणी कुणाला भरू दिलं नाही, हे सांगत नाही. तो प्रश्न 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर विचारावा लागला, त्याचं उत्तर घोडेच्या पाटात शोधू नका.

शेवटच्या काळात, पाऊस हटल्यावर, इनामगावची चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. त्या दारिद्र्याच्या खुणा, हे पटवायला जवळच्या फासेपारध्यांच्या गोल झोपड्यांचा दाखला दिला गेला. दाखला बरोबरच असंल. पण 1871 च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरलेला, 1952 ला कागदावर सुटलेला पारधी पुरावा म्हणून चालतो, गावाला शेजारी म्हणून चालत नाही!

आता आपल्या दोस्तांना सांगतो, राग आला तरी चालंल. आपल्यातही टेकाड दिसलं की 'इथं नागांचं राज्य होतं' म्हणणारे आहेत. दुसरे म्हणतात, अस्पृश्यता पाच हजार वर्षांची. कशावरून? बाबासाहेबांनी 1948 च्या ग्रंथात तिचा उगम इसवीसन 400 च्या आसपास धरला. गाळलेले दुवे आपण तर्कानं जोडतोय हे प्रस्तावनेत उघड सांगितलं. इनामगाव ओस पडलं त्याला तोवर हजारावर वर्षं झाली होती. तिथं महारवाडा घुसडायचा म्हणजे जात सनातन आहे हे मनूचंच म्हणणं आपण मान्य करायचं. पाटील घुसडणारा चुकतो, तसा सरपटत मागं जाऊन राजा घुसडणारा आपला माणूसही चुकतो.

खरं तर हे वाचन आपलंच. शिवाराच्या हद्दीचा तंटा पडला की महाराला पुढं घालत, त्याची साक्ष मोलाची धरत. कुठला उंचवटा बांध, कुठली नुसती माती, हे त्याला पायाखाली कळायचं. वतन 1958 च्या कायद्यानं गेलं, गेलं ते बरंच झालं. पण ती नजर कशाला टाकून द्यायची?

पांढर उकरली जाते, महारवाड्याची जुनी जागा कोण उकरतं? म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना घेऊन जा, पावलं मोजा, कागदावर उतरवा. आमच्या आज्याच्या घराचं जोतं आता कडब्याच्या गंजीखाली आहे. मी तिथूनच सुरुवात केली. लांबी बारा पावलं, रुंदी सात. चूल कुठल्या कोपऱ्यात होती यावर दोन चुलत्यांचं अजून भांडण चालू आहे.