महाग पैसा दारात, स्वस्त पैसा दूर

गरीब वस्तीतल्या छोट्या धंदेवाल्याला कर्ज मिळत नाही, असे आपण सरसकट म्हणतो. मला ते पटत नाही. नगरच्या मुकुंदनगरात किंवा झेंडीगेटला कर्ज मिळते, लगेच मिळते. फक्त ते महाग असते.

हिशेब करून पाहा. समजा, फळांच्या गाडीसाठी कोणी रोजच्या वसुलीवर १०,००० रुपये घेतले. हातात पडतात ९,०००. फेड रोज १०० रुपये, १०० दिवस. ऐकायला हजारच रुपये जास्त. पण मुद्दल रोज घटत जाते हे धरले, तर वर्षाचा दर सत्तर टक्क्यांच्या पुढे जातो. परवान्याशिवाय सावकारी करणे महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण हा माणूस कागद मागत नाही.

आता स्वस्त पैसा पाहू. २०१५ पासून मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज आहे. पथविक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये स्वनिधी योजना आली. पहिले कर्ज १०,००० चे होते, २०२५ मध्ये ते १५,००० करण्यात आले. हप्ते वेळेवर भरले तर व्याजात ७ टक्के सवलत. तारण नाही. मग अडते कुठे?

कागदावर. स्वनिधीसाठी पालिकेचे प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागते. पाहणीच्या दिवशी गाडी दुसऱ्या गल्लीत असेल, तर नाव राहून जाते. घरात शिलाई मशीन चालवणारी बाई पथविक्रेतीच ठरत नाही. ती बँकेत गेली, की पत्त्याचा पुरावा मागतात, आणि घरमालक भाडेकरार करून द्यायला तयार नसतो. चार चकरा म्हणजे चार दिवसांची कमाई बुडाली.

त्यात आपल्या नावांचा घोळ. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून हे रोज पाहतो. उर्दूतले नाव मराठीत आणि मराठीतले इंग्रजीत उतरताना बदलते. 'शेख' हे एकच आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पॅनवर तिसरे. बाईच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बेगम', कुठे काहीच नाही. संगणकाला ही तीन माणसे वाटतात.

सरकारने पाहणी नीट करावी आणि बँकेने अर्ज नाकारताना कारण लेखी द्यावे, ही मागणी रास्तच आहे. पण काही कामे आपल्या हातातली आहेत. पहिलीत प्रवेश देतानाच आधारवरील नाव आणि शाळेतील नाव जुळवणे, हे आम्हा शिक्षकांचे काम. जुम्मानंतर तासभर दोन शिकलेली मुले अर्ज भरून द्यायला बसवणे, हे मशीद कमिटीचे.

व्याजाला हराम मानून बँकेपासून लांब राहणारे आणि नाइलाजाने दारातल्या सावकाराचे व्याज भरणारे अनेक आहेत. त्यांना नुसता उपदेश करून काय होणार? ज्या मोहल्ल्यात जलशांसाठी वर्गणी जमते, तिथे दहा-दहा हजारांच्या कर्ज-ए-हसनासाठीही जमू शकते. मागणाऱ्याला 'सब्र करा' म्हणण्यापूर्वी आपण तेवढे तरी करायला हवे.