सोळा खणांचें घर

अडचणींतून युक्ति सुचते, हें सर्वमान्य आहे. परंतु सुचलेल्या युक्तीचा रोजचा भार कोणी वाहावयाचा, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. संगणकाच्या इतिहासांत या हिशेबाचें एक फार बोधप्रद उदाहरण आहे. तेंच आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

इ. स. १९८१ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील आय्. बी. एम्. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याच्या पोटांत इंटेल कंपनीचा ८०८८ हा प्रोसेसर होता, व स्मृतींतील जागेचा पत्ता सांगण्यासाठीं त्यास वीस तारा होत्या. प्रत्येक तारेवर 'आहे' किंवा 'नाहीं' एवढेंच सांगतां येतें. अशा वीस तारांनीं मिळून १०,४८,५७६ पत्ते होतात, आणि प्रत्येक पत्त्यावर एक बाइट, म्हणजे स्थूलमानानें एक रोमन अक्षर, राहतें. हा झाला एक मेगाबाइट. रचनाकारांनीं या घराचे ६४ किलोबाइटांचे सोळा खण पाडले. खालचे दहा खण वापरणाऱ्याच्या प्रोग्रामांस दिले. वरचे सहा खण पडद्यावरील चित्र, यंत्रास जोडावयाचीं कार्डें व यंत्र जागें करणारा कायमचा प्रोग्राम यांसाठीं राखून ठेवले. दहा खणांचे मिळून ६४० किलोबाइट होतात. हीच ती पुढें कुप्रसिद्ध झालेली भिंत.

या रचनाकारांस आज नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु त्या यंत्राच्या सर्वांत स्वस्त नमुन्यांत अवघे १६ किलोबाइट होते. जो मनुष्य आजच्या गरजेच्या चाळीसपट जागा मोकळी सोडतो, त्यास अदूरदर्शी म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

पण गरज भराभर वाढली. इ. स. १९८३ मध्यें निघालेला 'लोटस १-२-३' हा हिशेबाचा प्रोग्राम आपला तक्ता सगळाच्या सगळा स्मृतींत मांडून ठेवी. मोठे तक्ते लौकरच भिंतीस जाऊन टेकले, आणि युक्त्यांस आरंभ झाला.

पहिली युक्ति 'ओव्हर्ले'ची. ती मोठ्या यंत्रांवर पूर्वींपासूनच चालत आली होती. प्रोग्रामाचे तुकडे करावे, चालू कामापुरता तुकडा स्मृतींत आणावा आणि बाकीचे तबकडीवर राहूं द्यावे. 'वर्डस्टार' हा लेखनाचा प्रोग्राम असाच चाले. जागा वांचे; मात्र तुकडा बदलतांना माणसास वाट पाहावी लागे.

दुसरी युक्ति अधिक चतुर होती. इ. स. १९८५ मध्यें लोटस, इंटेल व मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांनीं एकत्र येऊन एक पद्धत ठरविली. वरच्या सहा खणांत रिकामी असलेली ६४ किलोबाइटांची जागा घेऊन तिची त्यांनीं खिडकी केली. तींत सोळा-सोळा किलोबाइटांचीं चार पानें मावत. निराळ्या कार्डावर कित्येक मेगाबाइट स्मृति बसवावी, आणि हवीं तीं पानें या खिडकींत आळीपाळीनें आणावीं. पोथी कितीहि जाड असो, वाचणाऱ्यापुढें एका वेळीं दोनचारच पानें असतात. तसाच हा प्रकार.

तिसरी युक्ति सर्वांत विलक्षण होय. इ. स. १९८४ च्या 'ए. टी.' यंत्रांतील ८०२८६ या प्रोसेसरास चोवीस तारा होत्या. परंतु मेगाबाइट संपला कीं पत्ता पुन्हा आरंभाकडे वळतो, या जुन्या प्रोसेसरच्या खोडीवर कांहीं प्रोग्राम विसंबलेले होते. म्हणून एकविसाव्या तारेवर फाटक बसविण्यांत आलें, आणि त्याची किल्ली कळफलक सांभाळणाऱ्या चिपेच्या हातीं देण्यांत आली! हें फाटक उघडलें असतां मेगाबाइटाच्या वर ६५,५२० बाइट, म्हणजे सोळा बाइट कमी असा एक खण, जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामांसहि गवसे. इ. स. १९९१ मध्यें निघालेल्या 'एम्. एस्. डॉस ५' नें आपला बराचसा संसार तेथें हालविला.

या युक्त्यांबद्दल आम्हांस मनापासून आदर वाटतो. परंतु त्यांचा भार कोणावर पडला? यंत्र विकत घेणाऱ्यावर. 'कॉन्फिग' व 'ऑटोएक्झेक' नांवाच्या दोन याद्यांत कोणती ओळ आधीं व कोणती मागून लिहावी, उंदीर चालविणारा प्रोग्राम वरच्या खणांत कसा चढवावा, हें कारकुनास व शाळकरी मुलासहि शिकावें लागलें. कांहीं खेळांसाठीं तर यंत्र सुरू करण्याची निराळी तबकडीच करून ठेवावी लागे. इ. स. १९९३ मध्यें मायक्रोसॉफ्टनें ही मांडामांड आपोआप करणारा 'मेममेकर' दिला; पण तोहि भिंतीच्या अलीकडचाच.

आणि हें सर्व चाललें असतां, चार गिगाबाइटांपर्यंत पोहोंचणारा ८०३८६ प्रोसेसर इ. स. १९८५ पासूनच अस्तित्वांत होता. सामान्य घरांतून ६४० चा जाच ओसरूं लागला तो इ. स. १९९५ च्या 'विंडोज ९५' नंतर. मधल्या दहा वर्षांचें कारण असें, कीं लोकांनीं पैसे देऊन घेतलेले जुने प्रोग्राम चालूं राहणें अवश्य होतें. हें कारण खोटें नव्हतें. तथापि प्रत्येक नव्या युक्तीनें भिंत थोडी सुसह्य केली, आणि सुसह्य झालेली भिंत पाडण्याची निकड कोणासच वाटेना.

गृहस्थितीहि याहून फारशी निराळी नाहीं. अपुऱ्या जागेंत घर नीट चाललें आहे असें आपण समाधानानें म्हणतों, तेव्हां बहुधा कोणीतरी एक व्यक्ति, आणि पुष्कळदां ती घरची गृहिणीच, दररोज वस्तु उचलून, हालवून, पुन्हा मांडून ती सोय निर्माण करीत असते. तिच्या कौशल्याची स्तुति अवश्य करावी. पण त्याबरोबरच ही तात्पुरती व्यवस्था किती दिवस चालावयाची, हेंहि तिच्यादेखत ठरवावें, एवढीच वाचकांस विनंती आहे.