उसना राक्षस

१९६६ साली बलवंत दवे यांचा ‘गोगोला’ आला. समुद्रातून उठून मुंबईवर चाल करणारा अजस्र प्राणी. नावातच ‘गॉडझिला’ची नक्कल. त्यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण १९५४चा मूळ जपानी चित्रपटही लाटेवरच स्वार झाला होता. १९५२मध्ये ‘किंग काँग’ने पुनर्प्रदर्शनात गल्ला भरला, १९५३मध्ये अमेरिकी समुद्रराक्षस आला, आणि जपानी निर्मात्याने संधी साधली. तरी तो चित्रपट टिकला. कारण राक्षसाच्या रबरी पोशाखात हिरोशिमा होतं, १९५४मध्येच बिकिनी बेटांवरच्या हायड्रोजन बॉम्बची राख अंगावर घेतलेली मासेमारी नौका होती. आपल्या १९६२च्या ‘किंग काँग’मध्ये मात्र दारासिंग होता, गोरिला नव्हताच!

पैसा नव्हता, हा नेहमीचा बचाव. पण जपान्यांनीही वेळ आणि खर्च वाचवायलाच माणसाला पोशाखात कोंबलं. आणि भीतीचं म्हणाल, तर वर्धा जिल्ह्यात बोरच्या जंगलालगत रात्री पीक राखणाऱ्याला भीती उसनी आणावी लागत नाही. तिथल्या कुणी मोबाइलवर राक्षसपट काढला, तर नक्कल खुशाल करावी, फक्त राक्षस तुरीतून यावा. तुरीतलं जनावर आधी दिसत नाही, नुसते शेंडे हलतात. आणि शेंडे हलवायला खर्च येत नाही.